लोइसमावशींचा नकार

आमच्या भागात पायी चालणारी माणसं दोनच होती. एक मी आणि दुसऱ्या लोइसमावशी. अमेरिकेतल्या या नेपरव्हिलमध्ये लोक दूध आणायलासुद्धा गाडी काढतात. फुटपाथवर कोणी दिसलंच, तर त्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा असतो. मी चालायचो, कारण ड्रायव्हिंग टेस्टच्या धसक्याने मी लायसनच काढलं नव्हतं. त्या का चालायच्या, हे मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं.

मी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर बसतो. पॅन्टी आखूड करायच्या, चेन बदलायची, लग्नाचे सूट कमरेत सैल करायचे. एका जानेवारीत, बर्फ पोटरीला लागत होता अशा सकाळी, एक उंच, काटकुळ्या म्हाताऱ्या बाई आत आल्या. अंगातला राखाडी कोट त्यांनी काढला, झटकला आणि काउंटरवर ठेवला. मी विचारलं, "अस्तर बदलायचं? की बटणं?" त्या नुसत्या कोटाकडे बघत राहिल्या. मला वाटलं ऐकू येत नसेल, किंवा माझं इंग्रजी कळलं नसेल. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. उत्तर अजून आलेलं नाही."

आणि मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अस्तर. पण मी विचार करत होते, हा कोट आणखी एकदा दुरुस्त करावा का. तुझं मत काय?"

इतक्या वर्षांत मला कोणी माझं मत विचारलं नव्हतं. मी कोट उलटा करून शिवणी बघितल्या. कापड चांगलं होतं, आणि अस्तर याआधी चार वेळा तरी बदललेलं होतं, प्रत्येक वेळी वेगळ्या हाताने. म्हटलं, "अजून दहा वर्षं जाईल." त्या हसल्या. "मग तो माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

कोट न्यायला आल्या तेव्हा मी म्हातारं माणूस म्हणून पैसे कमी सांगितले. त्यांनी भिंतीवरचा दराचा बोर्ड वाचला आणि विचारलं, "तुझं काम कमी झालं का?" म्हटलं, नाही. "मग पैसे का कमी?" आणि बोर्डावर होते तेवढे पैसे मोजून ठेवून त्या बर्फातून चालत निघून गेल्या.

मी मूळचा इचलकरंजीचा. आठवीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि मी शाळा सोडून चुलत्यांच्या शिलाईच्या दुकानात बसलो. अमेरिकेत आलो तो सुनंदामुळे. माझी बायको नर्स आहे, तिच्या नोकरीवर आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. तिच्या बारा-बारा तासांच्या ड्युट्या, आणि मी घरी टपालपेटीला घाबरत बसलेला. पाकिटावर गरुडाचं चित्र, म्हणजे ते सरकारकडून आलेलं. सुनंदा घरी येईपर्यंत मी ते पाकीट फ्रीजवर ठेवून द्यायचो, जसं काही त्याला हात लावला नाही तर आतलं काही होणारच नाही.

सिटिझनशिपचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा सुनंदा म्हणाली, "अहो, लायब्ररीत फुकट शिकवतात म्हणे, परीक्षेचे प्रश्न. जाऊन तरी बघा." गेलो, तर टेबलापाशी त्याच राखाडी कोटवाल्या बाई. त्याच लायब्ररीत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती, आणि रिटायर झाल्यावर दर गुरुवारी आमच्यासारख्यांना शिकवायच्या.

पहिल्याच दिवशी नावावरून अडलं. मी म्हणालो, "मॅडम." त्या म्हणाल्या, "नाही. लोइस." म्हटलं, तुम्ही माझ्या आईपेक्षा मोठ्या, मी नुसतं लोइस कसं म्हणू? त्यांनी सांगितलं की त्यांच्यात कोणी कोणाला सर, मॅडम, डॉक्टर, जज्जसाहेब असं काही म्हणत नाही. माणूस म्हणजे माणूस, पदवी लावली की एक वर जातो आणि एक खाली. मी म्हणालो, "आमच्यात मावशी म्हणतात." त्यांनी विचारलं, "ही पदवी आहे का?"

"नाही. आईची बहीण."

त्या गप्प बसल्या. मी आता थांबायला शिकलो होतो.

"नातं असेल तर चालेल," त्या म्हणाल्या.

'त्यांच्यात' म्हणजे क्वेकर लोकांत. ख्रिस्ती लोकांतला हा एक लहानसा पंथ. त्यांच्या प्रार्थनेला ते मीटिंग म्हणतात. पुजारी नाही, गाणं नाही, मूर्ती नाही. साध्या खोलीत बाकांवर सगळे तासभर गप्प बसतात. कोणाला आतून काही सांगावंसं वाटलं, तर तो उभा राहून दोन वाक्यं बोलतो आणि परत बसतो. मी एकदा मावशींबरोबर गेलो होतो. पहिली वीस मिनिटं मला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलंय म्हणून सगळे गप्प आहेत. नंतर पहिल्यांदाच, किती तरी महिन्यांनी, माझ्या छातीतली धडधड थांबली.

आणि क्वेकर लढत नाहीत. लढाईवर जात नाहीत एवढंच नाही, कुठल्याच लढाईला हातभार लावत नाहीत. पूर्वीपासून यासाठी त्यांनी पुष्कळ सोसलं. मावशींच्या वडिलांना मोठ्या युद्धात बोलावणं आलं, त्यांनी बंदूक घ्यायला नकार दिला. त्यांना दूर जंगलात झाडं लावायच्या कामाला पाठवलं. परत आले तर गावाने त्यांच्याकडचं दूध घ्यायचं बंद केलेलं. आधी गाई विकल्या, मग शेत तुकड्यातुकड्याने गेलं. शेवटी राहिलं एक घर आणि त्याला लागून एकरभराचा तुकडा. त्यात त्यांनी स्वतः कलमं केलेली सफरचंदाची अकरा झाडं. आता त्या तुकड्याच्या तिन्ही बाजूंना मोठमोठी घरं झाली होती आणि मधोमध ती वाकडी झाडं, बिल्डरांच्या डोळ्यांत खुपत.

मावशींना कोणी लढायला बोलावणार नव्हतं. पण त्या म्हणायच्या, "ते माझे हात मागत नाहीत, माझे पैसे मागतात. पैसे म्हणजे माझे हातच." म्हणून दर एप्रिलला त्या टॅक्सचा फॉर्म अगदी खरा भरायच्या, एक पैसा न लपवता, आणि लढाईसाठी जाणारा जो भाग, तेवढा द्यायच्या नाहीत. सोबत पत्र जोडायच्या: मला हे पैसे देणं शक्य आहे, पण मी देणार नाही. तेवढीच रक्कम त्या गावातल्या अन्नछत्राला देऊन टाकायच्या, म्हणजे स्वतःसाठी वाचवली असं कोणी म्हणायला नको.

"मी चोर नाही, दत्ता. मी हट्टी आहे. चोर लपतो."

चाळीस वर्षं हे चाललं होतं. सरकारने कधी त्यांचा पगार परस्पर वळता केला, कधी बँकेतलं खातं रिकामं केलं. एका वर्षी दारातली गाडी उचलून नेली. त्यांनी किल्ली काढून दिली, टाकी भरून ठेवली होती असंही सांगितलं. त्यानंतर गाडी घेतलीच नाही. म्हणून त्या चालायच्या.

मी विचारलं, "मग उपयोग काय? शेवटी ते घेतातच की."

"घेतात. मी देत नाही. तुला हे दोन्ही सारखं वाटतं का?"

खरं सांगतो, तेव्हा मला सारखंच वाटलं होतं.

मीटिंगच्या कपाटात एक जुनी वही होती. तिला ते 'सोसल्याची वही' म्हणायचे. शेकडो वर्षांचा रिवाज: ज्याची वस्तू अशा नकारापायी गेली, त्याने ती तिथे लिहायची. तीन रकाने. काय गेलं, कशासाठी गेलं, कोणी नेलं. शिवी नाही, रडणं नाही. मावशींनी मला जुन्या वह्यांतून उतरवून घेतलेली पानं वाचून दाखवली. एक तांबडी गाय. दोन कथलाच्या ताटल्या. एक खोगीर. एक रजई, जवळजवळ नवी. लढाईवर न गेल्याबद्दल. शिपायाने नेलं. रजईपाशी मी थांबलो. शिंपी माणूस मी. जवळजवळ नवी रजई म्हणजे किती टाके, ते मला दिसत होतं. मावशींची स्वतःची पानं मागे होती. निळी गाडी. पगार. ठेव.

"हे का लिहून ठेवता?"

त्या म्हणाल्या, "वस्तू हरवली आणि वस्तू सोडली, यात गोंधळ होऊ नये म्हणून."

उन्हाळ्यात त्यांनी मला झाडांच्या कडेला एक वाफा दिला. मी तिथे मेथी, गवार, हिरव्या मिरच्या लावल्या. संध्याकाळी काम सुटलं की मी पाणी घालायला जायचो, आणि वाफ्याच्या बांधावर बसून त्या मला प्रश्न विचारायच्या. सिनेटर किती? संविधान कसं बदलतात? अर्जाला जोडायला ओळखीच्या माणसाचं पत्र असलं तर बरं, असं वकिलाने सांगितलं होतं, तेही त्यांनीच लिहून दिलं. त्यात होतं की हा माणूस जेवढं काम सांगतो तेवढं करतो. मी ते पत्र सुनंदाला तीनदा वाचून दाखवायला लावलं.

मग एका सप्टेंबरात टॅक्स खात्याचा माणूस आला. मी मिरच्या तोडत होतो. गळ्यातलं सरकारी ओळखपत्र दिसल्यावर मी रोपांमागे खाली वाकलो. तो तिशीचा असेल, नाक लाल, सारखा शिंकत होता. त्याने जागेचे फोटो काढले, कुंपणाच्या खांबाला नोटीस लावली आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही भरून टाकलंत ना, तर मला फार बरं वाटेल."

"ते मला दिसतंय," मावशी म्हणाल्या. "तू पिशवी आणली आहेस का?"

त्याला कळेना. त्यांनी स्वतःच घरातून पिशवी आणली, सफरचंदांनी भरली, आणि वर लिंबू-मधाचं पाणी करून त्याला पायरीवर बसवून प्यायला लावलं. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे. सर्दीकडे दुर्लक्ष करतो."

नोटिशीत लिहिलं होतं की थकलेल्या करापोटी हा तुकडा जप्त झाला आहे आणि अमक्या दिवशी लिलावात निघेल. घर नाही, फक्त तुकडा. वडिलांची अकरा झाडं. मी म्हणालो, "मावशी, काहीतरी करा." त्या झाडांकडे बघत होत्या. त्या दिवशी त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"करतेच आहे," त्या म्हणाल्या. "जाऊ देते आहे. खूप जड जातंय मला, म्हणून तर ते खरं आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्यापुढे झाडं होती, हे खरं. पण सगळं खरं लिहायचं म्हणून बसलोय, तर हेही लिहितो: झाडांच्या मागे माझा अर्ज होता. सरकारचा कर नाकारणाऱ्या बाईने माझ्या चारित्र्याचं पत्र दिलंय, आणि ते पत्र सरकारच्याच फायलीत आहे. कोणी दोन कागद शेजारी ठेवले तर? सुनंदा म्हणाली, "अहो, असं कोण बघतंय?" पण मला ती नोटीस खांबावरून जायला हवी होती. मावशींसाठी आणि माझ्यासाठी. कोणासाठी जास्त, ते मी तेव्हा तपासलं नाही.

आपल्याकडे कोणावर वेळ आली की काय करतात? वर्गणी काढतात. आमच्या गणपतीच्या ग्रुपमध्ये नितीन म्हणून पुण्याचा मुलगा आहे, आयटीतला, हाकेला धावणारा. त्याच्या सगळ्या पॅन्टी माझ्याकडेच आखूड झाल्यात. मी त्याला सांगितलं, "एक म्हातारी बाई आहे, मला शिकवते. एकटीच आहे. टॅक्स भरायला पैसे नाहीत, सरकार जमीन विकतंय."

पैसे नाहीत. हे दोन शब्द मी बोललो. खरं कारण सांगितलं असतं तर निम्मे लोक व्हिसावरचे, ते घाबरून लांब पळाले असते. उरलेले म्हणाले असते, मग भरत का नाही ती? 'पैसे नाहीत' म्हटलं की कोणाला काही समजवावं लागत नाही.

"अरे यार, असं कसं चालेल?" नितीन म्हणाला. "दत्ताभाऊ, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी आजच मेसेज टाकतो ग्रुपवर."

चार दिवसांत रक्कम जमली. नागपूरच्या वैशालीताईंनी मुलीच्या वाढदिवसाची पार्टी कॅन्सल केली आणि ते पैसे दिले. मीही दिले, सुनंदाला विचारून. नोटिशीवर नाव, नंबर, पत्ता सगळं छापलेलंच होतं. नितीनने फोन केले, चेक करून पाठवला, आणि आठवड्याभरात म्हणाला, "झालं! पेमेंट पोस्ट झालंय. सेल कॅन्सल."

आणि मग आम्ही ती चूक केली, जी आपल्या लोकांशिवाय कोणी केली नसती. आम्ही पेढे घेऊन गेलो.

नितीन, वैशालीताई, त्यांची मुलगी रिया आणि मी. मावशींनी दार उघडलं, सगळ्यांना नावं विचारली, सफरचंदाच्या फोडी कापून ठेवल्या. नितीनला दम धरवत नव्हता. त्याने पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, गुड न्यूज! तुमची जमीन आता तुमचीच. आम्ही सगळ्यांनी मिळून टॅक्स भरून टाकला."

मावशींच्या हातात फोड होती. ती त्यांनी बशीत ठेवली.

मला त्यांची गप्प बसायची सवय होती, बाकीच्यांना नव्हती. नितीन माझ्याकडे बघायला लागला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. रियाने आईला हळूच विचारलं, "इज शी ओके?" वैशालीताईंनी तिच्या मांडीवर थोपटलं.

"ते पैसे सरकारकडे गेले?" मावशींनी शेवटी विचारलं.

"हो, हो. फुल पेमेंट! काही बाकी नाही आता. आणि परतफेड वगैरे काही विचार करू नका, प्लीज. दत्ताभाऊ म्हणाले, तुमच्याकडे पैसे नाहीत, तर आम्ही म्हटलं..."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला चाललं असतं. एखादं ओळखीचं घर शोधताना पाटी वाचतात ना, तसं पाहिलं.

"पैसे होते," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी त्यांना सांगितलं, जे मी सांगायला हवं होतं. अगदी थोडक्यात, आवाज न चढवता. नितीनचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "म्हणजे आमचे पैसे... तुम्ही ज्याला चाळीस वर्षं नाही म्हणत होतात, त्यालाच गेले?"

"तुम्ही प्रेमाने दिलेत. ते मी पाहिलं," त्या म्हणाल्या, आणि पुड्यातला एक पेढा उचलून खाल्ला. सगळा खाल्ला. मला माहीत होतं, त्यांना गोड सोसत नसे.

बाहेर गाडीपाशी नितीनने मला धरलं. "दत्ताभाऊ, हे तुम्हाला माहीत होतं?"

म्हटलं, हो.

"मग खोटं का बोललात यार?"

वैशालीताई मधे पडल्या. "राहू दे नितीन. घाबरले असतील ते." त्यांनी हे माझी बाजू घेऊन म्हटलं. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. वाटेत माफीची वाक्यं पाठ करत गेलो होतो. मावशी झाडाखाली स्टुलावर बसल्या होत्या. मी बोलायला लागलो तसा त्यांनी हात वर केला, आणि मी खाली गवतात बसलो. खूप वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "वडिलांचं सगळं गेलं तेव्हा आई रडायची, आणि वडील म्हणायचे, निदान मी काय म्हणालो ते माझ्याकडे आहे. मला तेवढंच सांभाळायचं होतं, दत्ता. झाडं नव्हे."

"मी तुम्हाला गरीब केलं, मावशी."

"हो," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलून कोणाचं समाधान करत नसत. मग म्हणाल्या, "गुरुवारी ये. तुझी परीक्षा जवळ आली आहे."

त्या हिवाळ्यात त्यांनी तो तुकडा अन्नछत्राला भाजी लावायला देऊन टाकला. म्हणाल्या, "जे युद्धाच्या पैशाने सुटलं, ते माझ्या नावावर नको." झाडं गेलीच शेवटी त्यांच्या हातून. नितीनला कळलं तेव्हा तो वैतागला. "मग आपण वाचवलं काय, एक्झॅक्टली?"

माझा इंटरव्ह्यू मार्चमध्ये झाला. सगळे प्रश्न बरोबर आले. शेवटी समोरच्या साहेबाने अर्जातलं वाचून विचारलं, कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी म्हणालो, "येस सर." मावशींनी हा प्रश्न माझ्याकडून कधीच पाठ करून घेतला नव्हता. बाकी शंभर घेतले होते. एकदा मी विचारलं होतं, याला काय म्हणू? तर म्हणाल्या होत्या, "ते मी तुला कसं सांगणार? ते तुझं तुला ऐकू यायला हवं."

पास झाल्याचं सांगायला गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आनंद झाला त्यांना, खरा. मग विचारलं, "त्या एका प्रश्नाला थांबलास का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. मी 'हो' म्हटल्याचं त्यांना दुःख नव्हतं, एवढं मला माहीत आहे. मी थांबलो नाही, याचं होतं.

त्यानंतर दोन वर्षं त्या होत्या. कोटाचं अस्तर मी आणखी एकदा बदललं. बोर्डावरचे पैसे घेतले. आम्ही पूर्वीसारखे बोलायचो, हसायचो. नव्या घरांतल्या बायका त्यांना गाडीत बसा म्हणायच्या, तर त्या म्हणायच्या, "मला घाई नाही, तुम्हाला आहे." पण पूर्वी त्या मला काही सांगितलं की माझ्यावर सोपवून मोकळ्या व्हायच्या, आता एकदा विचारायच्या, "कळलं ना?" एवढाच फरक. दुसऱ्या कोणाला तो दिसलाही नसता.

फेब्रुवारीत त्या झोपेतच गेल्या. मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी सगळे जमले, तसंच बाकांवर, तसेच गप्प. नितीन आला होता, वैशालीताई रियाला घेऊन आल्या होत्या. सर्दीवाला तो सरकारी माणूसही मागच्या बाकावर होता. मी त्याला नाकावरून ओळखलं. एकेक जण उठून दोन वाक्यं बोलत होता. मला उठायचं होतं. मी बसूनच राहिलो.

सगळं संपल्यावर मीटिंगचं कामकाज बघणारे हेन्री माझ्यापाशी आले. ऐंशीच्या पुढचे, हातात तीच वही. म्हणाले, "लोइसने एक पान सोडून ठेवलंय. आम्हाला कळत नाही का. तुला काही माहीत आहे?"

ज्या वर्षी आम्ही तो टॅक्स भरला, त्या वर्षाचं पान होतं. वर मावशींच्या अक्षरात त्यांचं नाव आणि वर्ष. खाली तीन रकाने आखलेले, रिकामे. त्यांच्याकडून काही नेलं गेलं नव्हतं, म्हणून लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण काही गेलं नाही असंही त्यांना लिहिता आलं नव्हतं. आणि ज्याने नेलं त्याचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं.

मी हेन्रींना सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, पहिल्यापासून. मग विचारलं, "मी लिहू का?"

ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांच्यात असं एकट्याने ठरवत नाहीत. त्यांनी उरलेल्या सात-आठ जणांना परत बाकांवर बसवलं आणि माझी विनंती सांगितली. पुन्हा सगळं शांत झालं. एक बाई म्हणाल्या, "या वहीत आपण स्वतःला शिक्षा करून घ्यायला लिहीत नाही." मग हेन्रींनी मला विचारलं, "हे खरं आहे, म्हणून लिहायचंय? की लिहून मोकळं व्हायचंय?"

या वेळी मी थांबलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बाहेर कोणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं, तो आवाज सुरू झाला आणि संपलाही.

"खरं आहे म्हणून," मी म्हणालो.

कोणी हरकत घेतली नाही. हेन्रींनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. माझ्या इंग्रजीचा मला भरवसा नव्हता, म्हणून मी मराठीत लिहिलं, आणि मी वाचून दाखवलं तसं रियाने खाली त्याचं इंग्रजी लिहिलं. वर मावशींचं नाव नुसतं 'लोइस' होतं. त्यापुढे मी 'मावशी' जोडलं. ती पदवी नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं.

काय गेलं: त्यांचा नकार, चाळीस वर्षं जपलेला.

कशासाठी गेलं: मी घाबरलो म्हणून.

कोणी नेलं: दत्ता, शिंपी.